एकाच शेतात खालची जमीन चोपण, वरचा उतार आम्ल – काय टाकू?

माळावरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय.

माझ्याकडे तीन हेक्टर जमीन आहे. खालची दीड हेक्टर सपाट, तिथे पीक घेतो. वरची दीड हेक्टर उताराची, तिथे कायमची झाडं लावायची आहेत. लाकूड आणि सावली मिळावी, आणि उतारावरची माती धरून राहावी म्हणून. खालच्या तुकड्यात पाऊस पडला की पाणी तीन-चार दिवस उभं राहतं. वाळली की अशी कडक होते की कुदळ उडते. वर करडी पापडी धरते, उगवण कशीबशी निम्मी. वरच्या उतारावर उलटं आहे. माती भुरभुरीत, तांबूस, पाणी थांबतच नाही.

माती तपासून घेतली. खालच्या तुकड्याचा सामू (pH, आम्ल-विम्लतेचा आकडा) ८.९, विद्युत वाहकता ०.६, सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के. वरच्या उताराचा सामू ५.१, कर्ब ०.९ टक्के. अहवालात खालच्या मातीची एकूण धनभार धरण्याची क्षमता २० आणि त्यातला सोडियम ५ असंही लिहिलंय. त्याचा अर्थ मला नीट लागला नाही.

आता जो भेटतो तो वेगळं सांगतो. एक जण म्हणतो जिप्सम टाक. दुसरा बायोचारशिवाय, म्हणजे मातीत टाकायच्या कोळशाशिवाय, बोलत नाही. लाकडावर चालणाऱ्या बॉयलरची राख मला हवी तेवढी फुकट मिळतेय. आणि एक विक्रेता सगळ्या प्रकारच्या जमिनीला चालणारं एकच मिश्रण घेऊन मागे लागलाय. दोन्हीकडे चालेल असं काही एक आहे का? आणि सुरुवात कुठून करू?

---

हिरवं_आच्छादन

दादा, शेणखत आणि आच्छादन. दोन्ही तुकड्यांत दरवर्षी न चुकता. बाकी सगळं नंतर. कर्ब ०.४ असताना दुसरं काहीही टाकलं तरी ते धरून ठेवायला मातीत काही नाही. राख मात्र खाली नेऊ नका, एवढं नक्की.

---

काळी_माती

माळावरचे दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि बावीस वर्षांपूर्वीची मी आठवले. माझीही खालची जमीन अशीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर: दोन्हीकडे चालेल असं एक काही नाही. भूसुधारक म्हणजे टॉनिक नव्हे. तुमच्या दोन तुकड्यांना दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरू शकतं. सामू एक अंकाने बदलला म्हणजे आम्लता दहा पटीने बदलते. ५.१ आणि ८.९ यांच्यात जवळजवळ चार अंकांचा फरक आहे, म्हणजे हजारो पटींचा. ज्या मिश्रणाने एकाचा सामू वर जाईल आणि दुसऱ्याचा खाली येईल असं मिश्रण असूच शकत नाही. विक्रेत्याला हात जोडा.

आता पैसे किंवा घाम खर्च करण्याआधी एक गोष्ट करा. खालच्या शेतातून वाटाण्याएवढी पाच-सहा ढेकळं घ्या. वरच्या पापडीतली दोन, वीतभर खालची दोन, आणखी खोलची दोन. सावलीत पूर्ण वाळू द्या. मग काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घ्या. विहिरीचं किंवा नळाचं नको, त्यात आधीच क्षार असतात आणि ते खरी गोष्ट झाकतात. ढेकूळ अलगद सोडा. ढवळायचं नाही, पेला हलवायचा नाही. दहा मिनिटांनी बघा, दोन तासांनी बघा, दुसऱ्या दिवशी बघा.

दोन गोष्टी घडू शकतात आणि त्या दिसायला जवळच्या असल्या तरी कारणं वेगळी आहेत. ढेकूळ फुटून बारीक तुकड्यांचा ढीग झाला, पण वरचं पाणी स्वच्छ राहिलं, तर मातीचे कण धरून ठेवणारा सेंद्रिय डिंक कमी आहे. तिथे हिरवं_आच्छादन म्हणतात ते बरोबर, शेणखत, मुळं, आच्छादन. पण ढेकळाभोवती दुधासारखं वलय उठलं आणि ते हळूहळू पाण्यात पसरत गेलं, तर चिकणमातीचा एकेक कण सुटा होतोय. ते सोडियमचं काम. हेच कण पावसात सुटे होऊन खाली जातात आणि मातीची छिद्रं बुजवतात. म्हणून तुमच्याकडे पाणी उभं राहतं. वाळल्यावर तेच कण एकमेकांना चिकटून विटेसारखे होतात. दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत.

माझ्या पेल्यातलं ते वलय मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. खिडकीत ठेवला होता. संध्याकाळपर्यंत पाणी इतकं गढूळ झालं की पलीकडची चौकट दिसेना. शेजारच्या पेल्यात मी त्याच मातीचं ढेकूळ आणि पाण्यात चिमूटभर जिप्सम विरघळवून ठेवलं होतं. तिथे पाणी नितळ. त्या दोन पेल्यांनी मला जे शिकवलं ते आधीच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

तुमच्या अहवालातल्या आकड्यांचा अर्थ असा. मातीच्या कणांवर पोषक धनभार चिकटून बसायला जेवढ्या जागा आहेत त्या २०, आणि त्यातल्या ५ जागा सोडियमने अडवल्यात. म्हणजे २५ टक्के. साधारण १५ टक्क्यांच्या वर गेलं की जमीन चोपण समजतात. वाहकता कमी आहे, म्हणजे ती खारवट नाही, निव्वळ चोपण आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नुसती खारवट जमीन चांगल्या पाण्याने धुऊन सुधारते, पण चोपण जमीन नुसत्या पाण्याने धुतली तर आणखी बिघडते. आधी कॅल्शियम हवं.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातलं कॅल्शियम कणावरच्या सोडियमला ढकलून त्याची जागा घेतं, आणि सुटलेलं सोडियम सल्फेट पाण्याबरोबर खाली जातं. जातं, हा शब्द इथे सगळ्यात मोलाचा आहे. जायला वाट हवी.

इथेच माझी चूक झाली. पहिल्या वर्षी सल्ला मिळाला जिप्समचा, आणि मी ते इमानेइतबारे टाकलं. निचऱ्याचं कुणी बोललं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. पाऊस पडला, पाणी तसंच साचून राहिलं, सोडियम मुळांच्या पट्ट्यातच घुटमळलं आणि ऊन तापल्यावर ओलाव्याबरोबर वर चढलं. पापडी होती त्याहून जाड झाली. हंगाम गेला. दुसऱ्या वर्षी मी आधी शेताच्या खालच्या कडेला मीटरभर खोल चर खणला, त्याला ओढ्यापर्यंत उतार दिला, आणि मग उरलेलं जिप्सम टाकलं. सुरुवातीला चरात येणारं पाणी गडद तपकिरी असायचं. चोपण जमिनीत सेंद्रिय पदार्थसुद्धा विरघळून वाहून जातो, त्याचा तो रंग. तिसऱ्या हंगामात एका सकाळी पाऊस थांबल्यावर गेले तर चरातलं पाणी नितळ होतं, तळातला खडा दिसत होता. मी तिथे किती वेळ बसले ते सांगता येणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: निचरा, मग जिप्सम, मग पाणी, मग शेणखत आणि हिरवळीचं खत. शेणखत चांगलंच आहे, त्याने मातीतली जिवाणूंची हालचाल वाढते, मुळांनी वाटा होतात. पण ते एकटं सोडियमला हलवणार नाही.

कुणी गंधक सुचवेल. तुमच्या मातीत मुक्त चुनखडी असेल तर गंधक चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात, आम्ल चुनखडी विरघळवतं आणि तिथूनच कॅल्शियम मिळतं. एक किलो गंधक सुमारे साडेपाच किलो जिप्समचं काम करतं. पण त्याला ऊब, ओल आणि वेळ लागतो. मातीच्या ढेकळावर पातळ आम्लाचे दोन थेंब टाकले आणि फसफसलं तर चुनखडी आहे. मात्र गंधक टाकून चुनखडीयुक्त जमिनीचा सामू थेट सातवर आणू असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशेब दाखवा. एका हेक्टरची वरची १५ सेंटीमीटर माती म्हणजे साधारण २० लाख किलो. त्यात ५ टक्के चुनखडी असेल तर ती झाली १ लाख किलो. एक किलो गंधक जेमतेम तीन किलो चुनखडी संपवतं. म्हणजे हेक्टरी बत्तीस-तेहतीस टन गंधक! सामूचा आकडा उतरवणं हे आपलं काम नाही, सोडियम हटवणं हे आपलं काम आहे.

हाच २० लाख किलोचा आकडा शेणखतालाही लावून बघा. सेंद्रिय पदार्थ एका टक्क्याने वाढवायचा म्हणजे २० टन सुका, टिकणारा पदार्थ मातीत राहायला हवा. टाकलेल्यातला बराचसा भाग जिवाणू खाऊन हवेत सोडतात. त्यामुळे हे दोन-चार वर्षांचं काम नाही, पण एकदा जमलं की टिकतं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या प्रयोगशेतात बार्लीच्या एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत दिलं आणि मग कायमचं थांबवलं. शंभर वर्षांनंतरही त्या पट्ट्यात शेजारच्या कधीच खत न दिलेल्या पट्ट्यापेक्षा कर्ब आणि नत्र जास्त होतं. मी शेणखताची गाडी रिकामी करताना हे आठवते.

एक धोक्याची सूचना, कारण याने माझं नुकसान झालंय. बाहेरून पेंढा, शेणखत, कंपोस्ट काहीही आणाल तर आधी कुंडीत तपासा. काही तणनाशकं, अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड यांच्यासारखी, गवतात राहतात, जनावराच्या पोटातून जशीच्या तशी शेणात उतरतात आणि कंपोस्टमध्येही लवकर मोडत नाहीत. मी आच्छादनाला आणलेल्या पेंढ्याने घेवड्याची पानं चमच्यासारखी वळली, शेंडे मुडपले, आणि मी महिनाभर कीड शोधत बसले. आता प्रत्येक नव्या खेपेतून तीन कुंड्या भरते, तीन कुंड्या माझ्या मातीच्या, सगळ्यांत वाटाणा किंवा घेवडा पेरते आणि तीन-चार आठवडे थांबते. पानं सरळ आली तरच गाडी शेतात.

वरच्या उताराबद्दल माझा हात तेवढा बसलेला नाही. झाडांत काम करणाऱ्या कुणीतरी सांगावं.

---

रोपवाटिकेतून

काळी_माती ताईंनी खालचं इतकं नीट सांगितलंय की त्यात भर घालत नाही. मी झाडांचं सांगतो, वीस-एक वर्षं रोपं आणि लागवड हेच करतोय.

सामू ५.१ वाचून घाबरू नका. पिकांना ५.५ च्या खाली त्रास होतो तो मुख्यतः अॅल्युमिनियम विरघळतो म्हणून. मुळांची टोकं आखूड, जाड, तपकिरी होतात. पण जंगलातली कितीतरी झाडं अशाच मातीत वाढलेली आहेत. सगळा उतार चुनखडी टाकून साडेसहावर आणायचा विचार करू नका. आधी सामू मानवणारी झाडं निवडा. ज्यांना खरंच कमी आम्ल माती लागते तीच थोडी असतील तर त्यांच्यापुरतं बघा. चुनखडी पृष्ठभागावर टाकली तर वर्षाला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच खाली सरकते, तेव्हा ती लागवडीच्या आधीच मातीत मिसळावी लागते. आणि जितकी बारीक दळलेली तितकी लवकर लागू पडते.

खड्ड्यात शेणखत कोंबू नका. हे सगळ्यांना विचित्र वाटतं, पण मी शेकडो रोपं उपटून बघितली आहेत. भरगच्च कुजलेल्या खताने खड्डा भरला की मुळं त्या मऊ जागेतच गोल फिरत राहतात, बाहेरच्या मातीत शिरत नाहीत. वर्षा-दोन वर्षांत खत कुजून बसतं, रोप खाली खचतं आणि खोडाची मान मातीत गाडली जाते. तिथून ते सडतं. खड्डा खोल नको, रुंद करा. निघालेलीच माती परत भरा, आणि खत असेल ते वरून आच्छादनाखाली द्या. आच्छादन सात ते दहा सेंटीमीटर, खोडापासून हातभर लांब.

आच्छादनाला लाकडाचा चुरा चालेल, पण वरच ठेवा, मातीत गाडू नका. भुशात कर्ब नत्राच्या तीनशे-चारशे पट असतो. तो मातीत मिसळला की जिवाणू त्याला पचवायला सगळं नत्र स्वतःकडे ओढतात आणि रोपं पिवळी पडतात.

राखेबद्दल. राखेत कॅल्शियम, पालाश आणि थोडं स्फुरद असतं, नत्र नसतं, ते जळताना उडून जातं. फिनलंडमध्ये निचरा काढलेल्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीच्या) जमिनीवरच्या जंगलात राख दिली की झाडं कित्येक दशकं जोमाने वाढतात, कारण त्या मातीत नत्र भरपूर आणि पालाश-स्फुरद कमी असतं. तिथल्याच खनिज मातीच्या जंगलात, जिथे नत्रच तोकडं असतं, तीच राख फारसं काही करत नाही. तुमचा उतार दुसऱ्या प्रकारातला दिसतो. फुकट मिळते म्हणून ओतू नका. द्यायचीच तर ओली करून, घट्ट होऊ देऊन, फोडून, पातळ द्या. सुटी राख एकदम पसरली तर रोपं आणि जमिनीलगतची शेवाळं भाजतात. रंगवलेल्या किंवा औषध मारलेल्या लाकडाची राख असेल तर तिला हातही लावू नका, त्यात जड धातू असतात.

झाडांच्या मुळांवरची उपयोगी बुरशी विसरू नका. प्वेर्तो रिकोमध्ये पाइनची लागवड वर्षानुवर्षं फसत होती, खत देऊनही. १९५० च्या दशकात पाइनच्या जंगलातली बुरशी असलेली माती आणून रोपांना दिली तेव्हा ती उठली. तुमच्या निवडलेल्या झाडांचं जुनं रान जवळपास असेल तर तिथली मूठभर पालापाचोळ्याखालची माती रोपवाटिकेच्या वाफ्यात मिसळणं हे अनेकदा गोणीभर खतापेक्षा जास्त उपयोगी पडतं. फक्त तिथे रोगट झाडं नाहीत ना ते बघा. आणि स्फुरद बेसुमार दिलंत तर ती बुरशी मुळांवर बसतच नाही.

जंगलाच्या मातीला हात लावताना सावकाश का, याचं मी नेहमी एक उदाहरण देतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात आम्लवर्षावाने कॅल्शियम धुऊन गेलं होतं. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे १२ हेक्टरच्या पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून वोलास्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट, पसरलं. शुगर मेपलची झाडं सावरली, पानं भरली. पण दशकभराने त्याच पाणलोटाच्या ओढ्यातून नायट्रेट वाहून जाऊ लागलं. मातीत साठलेलं नत्र मोकळं झालं होतं. उपाय लागू पडला, आणि त्याच्या मागून दुसरी गोष्ट सुरू झाली. म्हणून मी प्रत्येक लागवडीत काही ओळी मुद्दाम काहीही न देता सोडतो. तुलना करायला काहीतरी हवं ना.

---

माळावरचा

ताई, दादा, काय लिहू. दोनदा वाचलं.

पेले ठेवले. पापडीच्या ढेकळाभोवती वलय अर्ध्या तासातच आलं. वीतभर खालच्या ढेकळाभोवती तर तासाभरात सगळं पाणी दुधाळ. वरच्या उताराचं ढेकूळ नुसतं फुटून बसलं, पाणी स्वच्छ. मुलीने दोन्ही पेल्यांचे फोटो काढून भिंतीला लावलेत. आम्लाचे थेंबही टाकले, खालच्या मातीत फसफसलं.

दोन शंका. जिप्सम नेमकं किती? आणि बायोचारचं कुणीच बोललं नाही, ते सोडून देऊ का?

---

काळी_माती

वलय खालच्या थरातही आलं म्हणजे काम नुसत्या पापडीपुरतं नाही, निचरा खोलच लागेल.

हिशेब असा मांडा. २० पैकी सोडियम ५, ते २ वर आणायचं, म्हणजे ३ एकक हटवायचं. १५ सेंटीमीटर थरासाठी दर एककाला हेक्टरी साधारण १.७ टन शुद्ध जिप्सम लागतं. तीन एककांना ५.२ टन. तुम्हाला मिळणारं जिप्सम ८० टक्के शुद्ध असेल तर ते झालं साडेसहा टन. सगळं कॅल्शियम सोडियमच्याच जागी जात नाही, काही तसंच निसटतं, म्हणून सव्वापट धरा. आठ टन हेक्टरी. दोन हंगामांत निम्मं-निम्मं द्या, वरच्या थरातच मिसळा, खोल नांगरून गाडू नका.

पाण्याचाही हिशेब करा, तो फार जण करत नाहीत. एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. आठ टनांतलं शुद्ध ६.४ टन विरघळायला हेक्टरी सुमारे २५० मिलिमीटर पाणी मातीतून खाली उतरावं लागतं. वरून वाहून गेलेलं पाणी यात धरायचं नाही. म्हणून बांध नीट घाला आणि पावसाच्या तोंडावर टाका. सिंचनाचं पाणी वापरणार असाल तर तेही तपासून घ्या, त्यातच सोडियम असेल तर एका हाताने काढायचं आणि दुसऱ्याने भरायचं असं होईल.

बायोचार सोडून देऊ नका, पण खाली आत्ता नको. बहुतेक बायोचार विम्लधर्मी असतो आणि तुमच्या खालच्या मातीला आणखी सामू नकोच. तो वर चालेल. अॅमेझॉनच्या खोऱ्यातली काळी माती शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोळसा, हाडं, मैला-कचरा मिसळून केलेली आहे आणि आजही सुपीक आहे, हे खरं. पण ती नुसत्या कोळशाने झालेली नाही. जगभरच्या प्रयोगांची गोळाबेरीज २०१७ मध्ये झाली तेव्हा उष्ण कटिबंधातल्या आम्ल, कस उतरलेल्या जमिनींत उत्पादन सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. समशीतोष्ण भागातल्या जमिनींत सरासरी वाढ दिसलीच नाही. कोरडा कोळसा थेट मातीत टाकला तर पहिल्या वर्षी तो नत्र ओढून घेतो. कंपोस्टच्या ढिगात दोन-तीन महिने मुरवा, ओला ठेवा म्हणजे धूळ छातीत जाणार नाही, आणि मग रोपवाटिकेतले दादा म्हणतात तसं आच्छादनाखाली द्या.

आणि त्यांची शेवटची गोष्ट खालच्या शेतातही करा. मधोमध पाच-सहा मीटरचा एक पट्टा काहीही न टाकता सोडा, दोन्ही टोकांना दगड रोवून. चर खणायला सुरुवात कधी करताय? सर्वांत खालचा कोपरा शोधायला पाऊस चालू असताना शेतात उभं राहा, पाणी कुठे वळतं ते दिसेल.

---

माळावरचा

कोपरा काल सापडला. बांधाच्या ईशान्य टोकाला. खुंटी ठोकून आलोय, रविवारी खणायला घेतो.